आठ दिवस वापरून बघ

जुना फोन मित्राला देताना आमच्या कर्जत-खालापूरकडे एक वाक्य ठरलेले असते : "आठ दिवस वापरून बघ, पटला तर ठेव." पैशांचे बोलणे असलेच तर ते नंतर. घेणाराही लगेच हो म्हणत नाही. घरात रेंज येते का, बॅटरी रात्रीपर्यंत टिकते का, शेवटची खोपोली लोकल चुकली तर घरी फोन लागेल का, हे त्याला त्याच्या जागी, त्याच्या दिवसात तपासून पाहायचे असते. त्या आठ दिवसांत या तळहाताएवढ्या वस्तूच्या आत काय काय चाललेले असते याचा मी शोध घेऊ लागलो, आणि तेव्हापासून नव्या फोनपेक्षा जुनाच मला जास्त भुरळ घालतो. नवा फोन कोरा असतो. जुन्यात आठवणी साठलेल्या असतात. त्यातल्या काही निमिषात पुसल्या जातात आणि काही कुणालाच पुसता येत नाहीत.

पुसल्या जाणाऱ्यांपासून सुरुवात करू. फोन देण्याआधी आपण तो फॉरमॅट मारतो. सेटिंगमध्ये जाऊन दोन-तीनदा 'हो' म्हणतो, पडदा काळा होतो, आणि थोड्याच वेळात फोन आपल्याला ओळखेनासा होतो. गणपतीचे व्हिडिओ, भाचीच्या बारशाचे फोटो, सातबाराचे स्कॅन, सगळे गेलेले असते. पण ६४ जीबीच्या फोनमध्ये शून्य किंवा एक अशा पाचशे अब्जांहून जास्त नोंदी मावतात. एवढ्या नोंदी इतक्या चटकन कशा पुसल्या जातात?

आधी त्या लिहिल्या कशा जातात ते बघावे लागेल. फोनची साठवण म्हणजे फ्लॅश मेमरी. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ती शोधली. तिच्या प्रत्येक सूक्ष्म कप्प्यात मूठभर इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात आणि कप्प्याच्या चारही बाजूंनी विद्युतरोधक थर असतो. नेहमीच्या भौतिकशास्त्राने पाहिले तर त्या थरातून इलेक्ट्रॉनला आरपार जाता येत नाही. पण थर पुरेसा पातळ असेल आणि विजेचा दाब पुरेसा जोरदार, तर पुंजभौतिकीच्या नियमांनी इलेक्ट्रॉन भिंतीच्या या बाजूला नाहीसा होतो आणि त्या बाजूला सापडतो. आपण एक फोटो काढला की हे कोट्यवधी वेळा घडते. नंतर फोन बंद करून कपाटात ठेवला तरी ते इलेक्ट्रॉन कित्येक वर्षे आपापल्या कोठडीत बसून राहतात.

म्हणून एकेक कप्पा रिकामा करत बसणे हा पुसण्याचा मार्ग नव्हेच. त्यात फ्लॅश मेमरीची आणखी एक खोड आहे. तिचे कप्पे वापराने झिजतात, म्हणून तिचा नियंत्रक जुन्या मजकुरावर नवा लिहीत नाही, दुसरीकडे कुठेतरी लिहितो. पुसले असे वाटलेला फोटो मागे कोपऱ्यात शिल्लक राहू शकतो.

यावर काढलेला तोडगा मला माणसाच्या बुद्धीच्या सुंदर करामतींपैकी एक वाटतो. गेल्या दहाएक वर्षांतल्या बहुतेक स्मार्टफोनमध्ये काहीही लिहिताना ते आधी गणिताने विस्कटून टाकतात आणि मगच कप्प्यात ठेवतात. विस्कटलेले पुन्हा जुळवायला एक किल्ली लागते. ही किल्ली म्हणजे एक संख्या, बहुधा २५६ अंकांची, प्रत्येक अंक शून्य किंवा एक. अशा किती किल्ल्या असू शकतात ते दशमान पद्धतीत लिहायला घेतले तर आकडा ७८ अंकी होतो. जगातले सगळे संगणक विश्वाच्या वयाइतका काळ एकेक किल्ली लावून पाहत बसले तरी त्यातला नगण्य भागही संपणार नाही. फॉरमॅट मारताना फोन मुख्यतः ही एक किल्ली नष्ट करतो. पाचशे अब्ज नोंदी राखायच्या की सोडायच्या, याचा निकाल २५६ नोंदींवर लागतो. फोन मित्राच्या खिशात गेला तरी बारशाच्या फोटोंचे विस्कटलेले इलेक्ट्रॉन काही काळ तिथे तसेच असू शकतात, फक्त या जगात ते कुणालाही वाचता येत नाहीत, ज्याने फोटो काढला त्यालाही.

अँड्रॉइड ६ च्या, म्हणजे २०१५ च्या आधीच्या कितीतरी फोनमध्ये मात्र ही सोय आपोआप चालू नसे. तिथे सेटिंगमधून आधी फोन एन्क्रिप्ट करायचा आणि मग फॉरमॅट मारायचा. मेमरी कार्ड वेगळे काढून घ्यायचे. आणि सर्वांत आधी आपले गुगल किंवा ॲपलचे खाते फोनमधून काढायचे, कारण ते न काढता परस्पर फॉरमॅट मारलेला फोन पुन्हा सुरू होताना जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो. चोरी निरर्थक ठरावी म्हणून ही सोय आयफोनमध्ये २०१३ पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून आली. मित्राला ती भोगायला लावू नये.

आता न पुसल्या जाणाऱ्या आठवणी. पहिली म्हणजे पंधरा अंकांचा आयएमईआय. डायलवर *#०६# दाबले की तो पडद्यावर येतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. पहिल्या आठ अंकांतून मॉडेल कळते, पुढचे सहा त्या एकाच नगाचे, आणि पंधरावा आधीच्या चौदा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. लिहून घेताना कुणाची एका अंकाची चूक झाली तर तो जुळत नाही आणि चूक उघडी पडते. फोन चालू होऊन टॉवरशी बोलतो तेव्हा सिमच्या ओळखीसोबत हा क्रमांकही नेटवर्कपर्यंत जातो. म्हणजे आपण मित्राला फोन दिला, त्याने आपले सिम घातले, की कुठल्याशा यंत्रणेत शांतपणे नोंद होते : शरीर तेच, माणूस दुसरा. दूरसंचार विभागाने मे २०२३ मध्ये सुरू केलेले संचार साथी हे संकेतस्थळ याच क्रमांकावर चालते. इंग्रजीत केवायएम लिहून पुढे आयएमईआय लिहायचा आणि १४४२२ वर संदेश पाठवायचा. तो फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का ते कळते. मित्राकडून घेतानाही हे करावे. मित्रावर अविश्वास म्हणून नाही. मित्रानेही तो आणखी कुणाकडून घेतलेला असू शकतो.

मग खरी परीक्षा येते, रेंजची. आपला मुलूख या परीक्षेसाठीच घडवल्यासारखा आहे. एका अंगाला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ढाक आणि राजमाचीची भिंत, मध्ये उल्हास आणि पेजेची खोरी. खालापूरकडे इर्शाळगड, आणि पलीकडे पाताळगंगेचे खोरे. कर्जत स्टेशनबाहेर पूर्ण कांड्या दाखवणारा फोन कोंढाण्याच्या किंवा खांडसच्या बाजूला गेला की मान टाकतो, आणि शेजारचा दुसरा फोन मात्र तिथेच बोलत असतो. असे का होते?

मोबाइलच्या लहरी वेगवेगळ्या पट्ट्यांत चालतात. ८५० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर, २३०० मेगाहर्ट्झच्या लहरीची १३ सेंटिमीटर. लांब लहर डोंगराच्या धारेवरून जास्त वळते आणि मागच्या सावलीत उतरते. आखूड लहर जास्त माहिती वाहते, पण ती सरळ रेषेचीच भक्त, आणि पावसाळ्यात पाण्याने निथळणारी गर्द पाने तिला जास्त शोषतात. म्हणून खोऱ्यातल्या वाडीत फोनला खालच्या पट्ट्या ऐकू येतात की नाही यावर सगळे ठरते. अमेरिकेतून नातेवाइकाने आणलेला महागडा जुना फोन इथे मुका होऊ शकतो, कारण तिथल्या आणि इथल्या पट्ट्या पूर्ण जुळत नाहीत. दुसरी अडचण वयाची. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आले ते फक्त ४जी घेऊन. त्यावर आवाजही इंटरनेटच्या माहितीसारखाच तुकड्यातुकड्यांनी जातो, आणि ही विद्या ज्या फोनला येत नाही त्याच्यावर व्हिडिओ चालतात पण नुसता फोन लागत नाही. २०१४-१५ चा फोन असेल तर पहिल्याच दिवशी हे पाहून घ्यावे.

आणखी एक गोष्ट तपासावी, अगदी आवर्जून. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदत करणारे पावसात, अंधारात पायवाटेने डोंगर चढून गेले. त्याच वर्षी देशभर मोबाइलवरच्या आपत्ती-सूचनेच्या चाचण्या झाल्या. मोठ्याने भोंगा वाजून पडद्यावर संदेश आला होता, तो अनेकांना आठवत असेल. ती सूचना एसएमएससारखी एकेका नंबरवर जात नाही. टॉवर ती आपल्या कक्षेतल्या सगळ्या फोनना उद्देशून एकदमच उच्चारतो आणि जो फोन ऐकतोय त्याला ती मिळते. त्यामुळे लाइनी तुंबल्या तरी ती अडत नाही. जुन्या फोनमध्ये हे ऐकणे सेटिंगमध्ये बंद असू शकते. दरडीखालच्या गावात फोन देताना ते चालू करून द्यावे. मला तरी फोन देण्यातले हे सर्वांत महत्त्वाचे काम वाटते.

दुसरी न पुसता येणारी आठवण बॅटरीची. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली, आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळालेले दुसरे कुणी नाही. चार्जिंग करताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांच्या फटींत शिरून बसतात, वापरताना तिथून निघून दुसऱ्या टोकाला परततात. पण पहिल्याच चार्जिंगपासून ग्राफाइटवर एक अतिशय पातळ साय धरू लागते. ती हवीच, तिच्यावाचून बॅटरी टिकणार नाही. पण ती घडताना थोडे लिथियम तिच्यात कायमचे अडकते. साय जाड होत जाते, मोकळे लिथियम घटत जाते. चार-पाचशे वेळा पूर्ण चार्ज झालेल्या फोनची बॅटरी मूळ क्षमतेच्या साधारण ऐंशी टक्क्यांवर आलेली असते. आधीच्या मालकाने किती रात्री फोन उशाशी चार्जिंगला लावून ठेवला, किती दुपारी गाडीच्या डॅशबोर्डवर तापू दिला, हे सगळे त्या सायीच्या जाडीत उतरलेले असते, आणि कुठलाही फॉरमॅट तिथवर पोहोचत नाही.

उष्णतेचा मुद्दा आपल्याकडे जास्तच लागू आहे. एप्रिल-मेमध्ये कर्जतचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याच्या छपराखाली त्याहून जास्त. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणून पुण्यात निवांत चाललेला फोन कर्जतच्या उन्हाळ्यात लवकर थकतो. मागचे झाकण किंवा पडदा थोडा उचललेला दिसला तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. असा फोन मित्राला द्यायचा नाही, चार्जिंगला लावायचा नाही, टोचायचा तर मुळीच नाही.

चार्जिंग म्हटले की मला खोपोली आठवते. टाटांचे जलविद्युत केंद्र तिथे १९१५ पासून आहे, आणि कर्जतच्या अंगाला भिवपुरीचे १९२२ पासून. लोणावळ्याकडच्या तलावांत साठवलेले पावसाचे पाणी मोठाल्या नळांतून घाट उतरून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला येते आणि टर्बाइन फिरवून पाताळगंगेला मिळते. आता हिशेब करू. चार हजार एमएएचच्या बॅटरीत सुमारे पंधरा वॉट-तास ऊर्जा मावते. एक लिटर पाणी पाचशे मीटर पडले तर १.३६ वॉट-तास. टर्बाइन, तारा आणि चार्जर यांत वाया जाणारे धरले तरी फोन एकदा पूर्ण भरायला पंधरा लिटर पाणी पुरते. एक बादली! सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या पावसाची एक बादली घाट उतरते आणि मित्र दिवसभर बोलू शकतो. हा आकडा पहिल्यांदा मांडला तेव्हा माझा विश्वास बसेना, मी पुन्हा पुन्हा करून पाहिला. दुसरीकडे, फोनमुळे हवेत जाणाऱ्या कार्बनचा मोठा भाग तो वापरताना जात नाही. तो बनतानाच, खाणींत आणि चिपच्या कारखान्यांत गेलेला असतो. २०१७ च्या एका वरच्या दर्जाच्या फोनचिपवर, स्नॅपड्रॅगन ८३५ वर, तीन अब्जांहून जास्त ट्रान्झिस्टर आहेत. ते कोरून झाले, त्याची किंमत पृथ्वीने मोजून झाली. पुढचे चालवणे बादलीभर पाण्याचे आहे.

सॉफ्टवेअरच्या वयाबद्दल थोडक्यात. यंत्र धडधाकट असूनही जुना फोन मागे पडतो, कारण जग पुढे सरकते. १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ५ च्या खालच्या फोनवर व्हॉट्सॲप चालेनासे झाले. सुरक्षेचे अपडेट थांबलेल्या फोनवर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे मित्राला स्पष्ट सांगावे. गाणी, फोटो, नकाशे, मुलांचा अभ्यास यांना तो कितीतरी वर्षे पुरतो.

नकाशांचे तर विशेष आहे. जीपीएसला सिम लागत नाही, रेंज लागत नाही. वीस हजार किलोमीटरवरून उपग्रह बोलतात, आणि फोनपर्यंत पोहोचणारी त्यांची शक्ती एका वॉटच्या दहा हजार लक्ष कोटीव्या भागाच्या आसपास असते. तेवढी कुजबुज ऐकून तो आपण पेठच्या किल्ल्याच्या कुठल्या वळणावर आहोत ते सांगतो. उपग्रहावरचे घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळते, आइन्स्टाइनने सांगितल्याप्रमाणे. ते दुरुस्त केले नाही तर एका दिवसात दहा किलोमीटरची चूक साठेल. माणूस पेठला आणि नकाशा त्याला भलत्याच गावात दाखवील. घरच्या वाय-फायवर नकाशा उतरवून घ्यायचा आणि सिम नसलेला जुना फोन सॅकमध्ये टाकायचा, एवढेच.

पण मला सर्वांत जास्त वेड लावले ते फोनच्या वायुभारमापकाने. हे इंद्रिय सगळ्या फोनना नसते. २०११ च्या गॅलक्सी नेक्ससमध्ये ते आले, २०१४ च्या आयफोन ६ मध्ये आले, आणि आजच्या पुष्कळ स्वस्त नव्या फोनमध्ये नाही. म्हणजे आठ-दहा वर्षांपूर्वीच्या उंची फोनला जे जाणवते ते आजच्या कोऱ्या फोनला जाणवत नसेल. आत सिलिकॉनचा एक पडदा, त्याच्या मागे निर्वात पोकळी. वरच्या हवेच्या वजनाने पडदा वाकतो आणि तो वाक विजेत मोजला जातो. चांगला मापक अर्ध्या मीटरच्या आसपासचा चढउतार ओळखतो. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने बनवलेले फायफॉक्स हे मोफत ॲप घेतले तर हे सगळे आलेखात दिसते.

कर्जतला पुण्याच्या गाडीत बसावे. मागे ढकलणारी बँकर इंजिने लागतात, वडापाववाल्यांची धावपळ थांबते, गाडी हलते. १८६३ मध्ये खुला झालेला हा बोरघाट ३७ मीटरला एक मीटर चढतो. फोन गाडीच्या जमिनीवर आडवा ठेवला तर त्यातला त्वरणमापक तो चढ दीड अंशाचा म्हणून वाचतो. पळसदरी मागे पडली की वायुभाराची रेषा उतरू लागते. बोगद्यांत रेंज जाते तरी ती थांबत नाही. लोणावळ्याला पोहोचेपर्यंत वायुभाराचे साठेक हेक्टोपास्कल कमी झालेले असतात. साडेपाचशे मीटरहून जाड हवेचा थर आपल्या डोक्यावरून खाली राहिला.

आता हाच फोन टेबलावर ठेवून दिवसभर न हलवता आलेख बघावा. रेषा सरळ राहत नाही. सकाळी दहाच्या सुमारास ती वर असते, दुपारी चारच्या सुमारास खाली, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे पुन्हा खाली. फरक तीनेक हेक्टोपास्कलचा. ही वातावरणाची भरती-ओहोटी आहे. समुद्राची भरती मुख्यतः चंद्र ओढतो. ही सूर्याच्या उष्णतेने येते. ओझोन आणि बाष्प तापते, साऱ्या पृथ्वीच्या हवेत एक लाट उठते आणि दिवसातून दोनदा ती कर्जतवरून जाते. आपल्या अंगाला तिचा पत्ता लागत नाही. कुणीतरी टाकून दिला असता तो फोन ती लाट मोजतो.

यातच एक अडचण लपलेली आहे. तीन हेक्टोपास्कल म्हणजे उंचीत पंचवीसेक मीटर. जागचा न हललेला फोन दिवसातून दोनदा तेवढे चढल्या-उतरल्यासारखे वागतो, आणि पावसाळी ढगांच्या फळीबरोबर आणखी भरकटतो. मी चढलो की हवा बदलली, हे एकट्या फोनला कधीच सांगता येत नाही. जुन्या काळी भूमापन करणाऱ्यांपुढेही हाच पेच होता, आणि त्यांनी तो दोन वायुभारमापक वापरून सोडवला होता. एक पायथ्याशी ठेवायचा, दुसरा वर न्यायचा, आणि एकाच वेळी दोन्ही वाचायचे. हवामानातला बदल दोघांवर सारखाच होतो, म्हणून वजाबाकीत तो उडून जातो आणि उरते ती निव्वळ उंची.

तेव्हा दोन्ही फोनना हे इंद्रिय असेल, तर मित्राला दिलेल्या आठ दिवसांतली एक सकाळ यासाठी काढावी. आधी दोन्ही फोन शेजारी ठेवून त्यांच्या वाचनातला मूळ फरक टिपून घ्यावा. एक-दोन हेक्टोपास्कलचा असू शकतो. मग मित्राने खोपोली स्टेशनवर बसावे, आपण घाट चढून खंडाळ्याला जावे, आणि ठरल्या मिनिटाला दोघांनी आकडे लिहून घ्यावेत. मूळ फरक वजा करावा आणि उरलेल्या प्रत्येक हेक्टोपास्कलला साडेआठ ते नऊ मीटर धरावेत. हवा तापलेली असेल तर नऊच्या जवळचे.